प्रकार सात आणि प्रकार अकरा

शिवांजलीनं तिसरा किडा मोडला, तेव्हा तिचे वडील समोर बसून चहा पीत होते. गणपतीची सुट्टी होती, ती माहेरी जयसिंगपूरला आली होती आणि येताना कपड्यांच्या बॅगेपेक्षा मोठं एक खोकं घेऊन आली होती. खोक्यात काचेच्या बारीक नळ्या, आणि नळ्यांत भाताच्या दाण्याहूनही लहान किडे. एकेक किडा कागदाच्या इवल्याशा त्रिकोणाच्या टोकावर डिंकानं चिकटवायचा आणि त्रिकोणातून टाचणी खाली पेटीत टोचायची, असं ते काम. शिवांजलीचा हात कापायचा. कधी पाय तुटायचे, कधी पंखच निघून यायचा.

"आण इकडं," महालिंग शेटे म्हणाले.

"अप्पा, हे घड्याळ न्हाय."

"घड्याळ न्हाय ते दिसतंय की मला. आण."

महालिंगअप्पांनी जयसिंगपुरात बत्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. लग्नात मिळालेली, परदेशातून आलेली, पाण्यात पडलेली, पोरांनी दगडानं उघडलेली, सगळ्या जातीची घड्याळं त्यांच्या टेबलावर येऊन गेली. मग हळूहळू लोक मोबाइलात वेळ बघायला लागले. जे मनगटाला काही बांधत, ते रात्री चार्जिंगला लावायचं असे, त्याच्या आत चाकंच नसत. तीन वर्षांपूर्वी अप्पांनी दुकान बंद केलं. हत्यारांची पेटी तेवढी घरी आणली. तेव्हापासून त्यांनी घरातला मिक्सर, शिलाई मशीन, कपाटांची कुलपं, बॅगांच्या चेन, सगळं खोलून पुन्हा बसवलं होतं. त्यांची बायको अक्काताई शेजारणीला सांगायची, "आता खोलाय कायबी उरलं न्हाय. माझं गुडघं तेवढं राहिल्यात."

अप्पांनी डाव्या डोळ्यावर भिंग बसवलं, चिमटा घेतला, श्वास रोखला आणि किडा त्रिकोणाच्या टोकावर ठेवला. एवढा सरळ, की जणू तो स्वतःच चालत येऊन तिथं बसला होता.

"दुसरा दे," ते म्हणाले.

त्या संध्याकाळपर्यंत त्यांनी एकोणतीस किडे चढवले. अक्काताईनं दोनदा जेवायला हाक मारली, ती त्यांना ऐकूच गेली नाही.

शिवांजली कोल्हापूरच्या एका कॉलेजात शिकवायची, नवरा अमरेशबरोबर गडमुडशिंगीला राहायची आणि गावापलीकडच्या माळावर पीएच.डी.चं काम करायची. माळावर गवत उभं असतं तिथं किती जातींचे किडे राहतात आणि कापलेल्या जागी किती, हा तिचा विषय. दोन वर्षं ती कापडी जाळी गवतावरून फिरवून किडे गोळा करत होती. तिचं शिक्षण गवताचं; एवढ्या बारीक किड्यांची नावं तिलाच काय, तिच्या सरांनाही ठाऊक नव्हती. म्हणून दिसायला सारखे ते एका गटात, अशी तिनं विभागणी केली होती आणि गटांना आकडे दिले होते. प्रकार एक ते प्रकार सव्वीस. सहा आठवड्यांत प्रबंध द्यायचा होता. त्याआधी सगळे किडे पेट्यांत नीट लागायला हवे होते.

आठ दिवस अप्पा टेबलापासून हलले नाहीत. त्यांना प्रकार सात फार आवडला. सडपातळ, वाळक्या गवताच्या रंगाचा, पाठीवर दोन काळ्या रेघा, पंख अंगापेक्षा लांब. शिवांजलीनं सांगितलं की हा ढेकणाच्या नात्यातला, पण माणसाला चावत नाही. गवताच्या हिरव्या कणसात सोंड खुपसून रस पितो. प्रकार अकरा त्याच नात्यातला, पण रुंद, हिरवट आणि पंख अर्ध्यावरच संपलेले. शिंप्यानं कापड कमी पडलं म्हणून सोडून दिल्यासारखा.

सहाव्या दिवशी अप्पांनी एक प्रकार अकरा उलटा धरला आणि पोटाकडून बघितला. शेपटाशी एक बारीक चीर होती, आणि चिरेत चाकूच्या मिटलेल्या पात्यासारखं काहीतरी. दुसरा बघितला, त्यालाही तसंच. मग त्यांनी अकराच्या तेहेतीसच्या तेहेतीस किड्यांची पोटं तपासली. प्रत्येकाला चीर. मग प्रकार सात घेतले. ते एक्केचाळीस होते. एकालाही चीर नाही. प्रत्येकाच्या शेपटाला आकड्यासारखी गाठ.

त्यांनी भिंग काढलं आणि दोन्ही प्रकारांच्या पेट्या शेजारी-शेजारी ठेवल्या.

"शिवा," संध्याकाळी ते म्हणाले, "तुझ्या सातात एक बी बाई न्हाय. आणि अकरात एक बी बाप्या न्हाय."

शिवांजली लॅपटॉपवर तक्ते करत होती. "म्हणजे?"

"म्हणजे ही दोन न्हाईतच. नवराबायको हाईत. एकाच घरातली."

तिनं मान वर केली. सव्वीसाचे पंचवीस झाले तर चौथ्या प्रकरणातला प्रत्येक आकडा बदलणार होता, आलेख बदलणार होते, आणि हातात सहा आठवडेही पुरते उरले नव्हते. तीन रात्री तिची झोप झालेली नव्हती.

"अप्पा, एक हिरवा, एक पिवळा. एकाला पंख, एकाला न्हाईत. तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

स्वयंपाकघरातलं भांड्याचं वाजणं थांबलं. अप्पा फक्त "बरं" म्हणाले. उरलेले किडे त्यांनी दोन दिवसांत चढवून दिले, पेट्या कापसात बांधल्या, खोकं एसटीत नीट ठेवून दिलं. पण त्या दोन दिवसांत त्यांनी किड्यांबद्दल एक शब्द काढला नाही.

गाडी गेल्यावर अक्काताई म्हणाली, "पोरगी कामानं पिचलीया. मनावर घेऊ नका."

"मनावर कशाला घेऊ? पर मला दिसलंय ते दिसलंय की."

सोमवारी त्यांनी सकाळची एसटी धरली. हातात भाकरीचा डबा, खिशात भिंग आणि दोन रिकाम्या काचेच्या नळ्या. कोल्हापूरला गाडी बदलून ते गडमुडशिंगीला उतरले, लेकीच्या घराची गल्ली डाव्या हाताला सोडली आणि सरळ माळावर गेले. दोन्ही किडे जोडीनं सापडले की बोलायचं कामच उरणार नाही, असा त्यांचा हिशोब होता.

माळभर गवत कमरेएवढं उभं होतं, कणसं भरलेली. अप्पा दिवसभर उकिडवे बसून बघत राहिले. प्रकार सात दिसले, उडालेही. प्रकार अकरा तीन-चार दिसले, हात जवळ नेला की खाली पडून गवताच्या बुडात नाहीसे झाले. एकेक कसाबसा नळीत धरला, पण जोडी एकही नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी कंबर एवढी धरली की उठताना त्यांना हात टेकावे लागले.

"पावणं, काय हरवलंय काय?"

बांधावर एक बाई उभी होती. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा, वय अप्पांच्याच आसपास. ही झुंबरबाई. गावातल्या पाच-सहा बायकांचं टोळकं घेऊन ती रोज म्हशींसाठी ओलं गवत कापायची. पंधरा वर्षं ती ह्याच माळावर होती.

"न्हाय, हरवलं कायबी न्हाय. किडं बघालोय."

"किडं?" तिनं भारा खाली टाकला. "तीन दीस झालं बघालोय मी तुमास्नी. आमच्या बायका म्हनत्यात, मोजणीवालं हाईत. कसलं किडं?"

अप्पांनी नळीतला प्रकार अकरा दाखवला. तिनं नळी उजेडाकडं धरली आणि हसलीच.

"ह्यो व्हय! ह्यो टपक्या. हात लावला की टपकन खाली पडतोय. लुगड्यात, भाऱ्यात, सगळीकडं असतोय."

"आणि हा?" त्यांनी दुसरी नळी पुढं केली.

"ह्यो बी तितंच असतोय. ह्येला नाव न्हाय."

"दोघं जोडीनं बसल्यालं कधी बघितलाय?"

"बघितलाय की! कणसाव असत्यात, मागचं मागाला लावून. पर पावणं, तुमी येताय धा वाजता. तवर त्येंचं लगीन लागून वऱ्हाड घरला गेल्यालं असतंय. फटफटायच्या वक्ताला या. दव असताना. ऊन चढलं की सगळी बुडाला." मग तिनं विळ्यानं समोरचा उतार दाखवला. "पर उद्याच या. परवा ह्यो तुकडा कापायचा हाय आमाला."

जयसिंगपुराहून फटफटायच्या वेळेला माळावर पोचवणारी एसटी नव्हती. अप्पा थोडा वेळ बांधावर बसले. मग उठून गावाकडं चालू लागले.

दार शिवांजलीनं उघडलं. वडील दारात, पँट गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरलेली, नाकावर ऊन लागून लाल झालेलं.

"अप्पा? न सांगता? आई बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. तिला फोन करून सांग, आज मी हितं राहतोय. सकाळी मला माळावर जायाचंय."

"माळावर?"

"तीन दिवस येतोय मी. दहाला येऊन काय उपयोग न्हाय म्हणं. पहाटे जायला पायजे."

तिनं त्यांना पाणी दिलं, खुर्चीवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसून पँटीतली कुसळं एकेक करून उपसायला लागली. माळावरून आल्यावर कुसळं काढायला किती वेळ लागतो, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तीन दिवस हा माणूस तिच्या घरावरून माळावर गेला होता, आणि दोनदा न भेटताच परतला होता.

"अप्पा, मी तसं बोलायला नको होतं."

"ते सोड. पाचला उठणार काय?"

"उठते की."

पहाटे माळावर गवत दवानं वाकलं होतं. झुंबरबाई त्यांच्या आधी येऊन बांधावर बसली होती. शिवांजलीला बघून ती म्हणाली, "ही जाळीवाली बाई तुमची लेक व्हय! मग हिला ठावं न्हाय?"

"न्हाय, मावशी," शिवांजली म्हणाली. "मी दुपारीच येत होते."

पहिला अर्धा तास काहीच सापडलं नाही. दोघं वरून वाकून बघत होती. झुंबरबाईनं शेवटी अप्पांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं. "वरनं काय दिसतंय? बसा. उजेड समोर घ्या. कणसाच्या आरपार बघा."

अप्पा बसले. पूर्वेकडं उजेड फुटत होता आणि त्या उजेडापुढं प्रत्येक कणीस काळ्या रेघेसारखं उभं होतं. एका रेघेवर एक जाडसर ठिपका होता. त्यांनी भिंग न लावताच ओळखलं.

"शिवा. हळू ये."

एका बाजूला सडपातळ, लांब पंखांचा. दुसऱ्या बाजूला रुंद, आखूड पंखांची. शेपटाला शेपूट जुळलेलं. शिवांजलीनं मोबाइल पुढं धरला, पण काडी वाऱ्यानं हलत होती आणि तिचा हात काडीहून जास्त. अप्पांनी दोन बोटांत काडी धरली. ती थांबली. टपक्या पडला नाही. फोटो आला.

"अजून बघू," ती म्हणाली. "एकावर कोण विश्वास ठेवणार न्हाय."

साडेसातपर्यंत त्यांना नऊ जोड्या सापडल्या. नऊच्या नऊ, एक प्रकार सात आणि एक प्रकार अकरा. मग ऊन वर आलं आणि सगळी खाली बुडाला गेली, झुंबरबाईनं सांगितलं होतं तशी.

शिवांजली ओल्या गवतातच बसली. अप्पांना वाटलं, आता ही रडणार. तिच्या सव्वीस आकड्यांतला एक त्यांनी खोडला होता. पण ती पिशवीतून वही काढून भराभर पानं उलटत होती.

"अप्पा, कापलेल्या तुकड्यात मला अकरा कधीच मिळाला न्हाय. सात मिळायचा. मी लिहिलंय, अकराला कापणी सोसत न्हाय, सातला सोसते."

"मग?"

"मग सात उडून येतोय हो! बाजूच्या गवतातनं. तिला पंखच न्हाईत, ती कशी येणार? कापणीत ती भाऱ्यातनं जाते. म्हणजे त्या तुकड्यात नुसते नरच." ती थांबली. "मला वाटायचं तिथं सगळं ठीक हाय. जाळीत किडे येत होते की. पण पुढच्या वर्षीची अंडी घालायला तिथं कोणच न्हाय."

अप्पा म्हणाले, "म्हणजे काटं फिरत्यात, पर किल्ली द्यायला कोण न्हाय."

झुंबरबाई बांधावर बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "पर पोरी, ह्यो टपक्या असून उपेग काय? म्हस काय ह्येच्यावर दूध देत न्हाय."

शिवांजलीनं खोटं सांगितलं नाही. "सगळं मला अजून ठाऊक न्हाय, मावशी. कोळी खातात, चंडोलाची पिल्लं खातात, एवढं बघितलंय. हे गेले तर त्यांचं काय होतं, ते बघायला पायजे."

"चंडोल व्हय," झुंबरबाई म्हणाली. गवत कापताना चंडोलाचं घरटं लागलं, तर तेवढ्यापुरता विळा वळवून ती पुढं जात असे. सगळ्याच बायका जात. ती उठली आणि उतार निरखत चालत गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "वरच्या अंगाला खडक हाय. तितं विळा बी धड बसत न्हाय. ती पट्टी ऱ्हाऊ दे. चार हात रुंद, हितनं बाभळीपातूर. बायकास्नी मी सांगतो."

"चालंल त्यांना?" अप्पांनी विचारलं.

"न चालाय काय झालं? माझ्या म्होरं कोन बोलतंय बघतो की."

त्या दिवशी दुपारी शिवांजलीनं आपल्या सरांना फोन केला. नऊ जोड्यांचं सगळं सांगितलं. मग सर म्हणाले, "चौथं प्रकरण पुन्हा लिही. मुदत मी वाढवून घेतो. आणि वडिलांना सांग, उरलेल्या चोवीस प्रकारांचीही पोटं बघायला."

अप्पांनी बघितली. त्यात आणखी एक जोडपं निघालं. प्रकार चौदा आणि प्रकार वीस. ह्या वेळी शिवांजलीनं वाद घातला नाही. पहाटेचा गजर लावला.

प्रबंध डिसेंबरात गेला. पुढच्या जुलैत तोंडी परीक्षा झाली. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत बसले होते, शेजारी अक्काताई. बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी किड्यांची पेटी हातात घेतली, उजेडात फिरवली आणि विचारलं, "नर-मादी प्रथम कुणी वेगळे ओळखले?"

"माझ्या वडिलांनी," शिवांजली म्हणाली. "ते घड्याळं दुरुस्त करतात. मागं बसलेत."

परीक्षकबाई चष्म्यावरून मागं बघत म्हणाल्या, "पायसुद्धा मोडला नाही एकाचा. डिंक कुठला वापरता हो?"

अप्पा गडबडून उभे राहिले. "बाभळीचाच, मॅडम. पर पातळ करून घ्यायचा. आणि चिकटवताना श्वास सोडायचा न्हाय."

हॉलमध्ये हशा पिकला. अक्काताई मोठ्यानं शेजारच्या प्राध्यापकाला म्हणाली, "खरं हाय ते. त्या दिवसांत घरात शिंकायची बी बंदी हुती."

आता दर शनिवारी अप्पा कोल्हापूरला जातात. शिवांजलीच्या कॉलेजानं त्यांना प्रयोगशाळेतलं खिडकीजवळचं एक टेबल दिलंय. पोरं-पोरी त्यांच्याकडून किडे चढवायला शिकतात. शांभवी नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी आहे, तिचा हात शिवांजलीपेक्षाही जास्त कापायचा. अप्पांनी तिला आधी आठवडाभर नुसते तांदळाचे दाणे उचलायला लावले. आता तिचे किडे अप्पांच्या किड्यांशेजारी ठेवले, तर कोणते कुणाचे ते सांगता येत नाही. तिनं परवा एका किड्याला उलटं धरून विचारलं, "काका, ह्याची चीर दुसऱ्या बाजूला का?" अप्पांनी भिंग लावून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि म्हणाले, "मला ठाऊक न्हाय. शोधू या."

ऑगस्टातल्या एका सकाळी ते जयसिंगपुरात दाढी करत होते, तेव्हा फोन वाजला. झुंबरबाई होती. आवाज एवढा मोठा, की अक्काताईला स्वयंपाकघरात ऐकू आला.

"पावणं! पट्टीत टपक्याची पोरं निगाल्यात. बारीक, मुंगीवानी. लई हाईत."

"नक्की टपक्याचीच?"

"हात लावला की पडत्यात न्हवं! आनि ऐका, बांधाच्या पल्याडच्या तुकड्यात बी आमी औंदा पट्टी सोडलीया. तितलं किडं बी बगा तुमी. कोनकोन ऱ्हातंय बगू की."

"किती हाईत पोरं?"

"ते मी काय सांगू? मोजाय तुमी हाय की."

अप्पांनी अर्ध्या दाढीचा साबण पुसला. मग आरशात बघून उरलेली अर्धी पुरी केली, आणि नऊच्या गाडीऐवजी साडेआठची मिळेल का म्हणून स्टँडकडं निघाले. अक्काताई पायात चपला अडकवत मागून ओरडली, "थांबा, मी बी येतो. बघू तरी कसली पोरं हाईत ती."